खांबावरची पायल

१४ सप्टेंबर २०२५

आज सकाळी बुद्धवंदना आटोपली आणि चौकातल्या खांबाला शिडी लावली. विजेच्या खांबावर फ्लेक्स बांधायचा नसतो, तरी बांधतात. वाऱ्याने सुटला की तारेवर जातो, मग अर्धं अंजनगाव अंधारात, आणि शिव्या आम्हा लाईनमनला! दोन वाढदिवस, एक गणपती — सगळे उतरवले. एकच ठेवला.

त्यावर माझी पायल आहे. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. ‘समाजाची शान, पहिली वैमानिक कन्या!’ खाली विहार समितीच्या पोरांचे गॉगल लावलेले फोटो.

गोवर्धन पानठेल्यावरून ओरडला, “शेषरावभाऊ, आमच्या सायबाचा काढला अन् पोरीचा ठेवला? वा!”

खरंच होतं ते.

१५ सप्टेंबर

समितीच्या स्वप्निलला म्हटलं, तुम्ही लावला, तुम्हीच काढा. तर म्हणतो, “मामा, शाळेत जाता जाता पोरी उभ्या राहून वाचतेत तो. राहू द्या ना.” त्याचंही खोटं नाही.

परवाना मिळाला त्याच आठवड्यात पोरांनी फ्लेक्स चढवला. परवाना म्हणजे नोकरी नव्हे, हे मलाही नंतर पायलने समजावलं. एखाद्या कंपनीने घेतलं तर विमान! तोवर रोज कोणी ना कोणी विचारतंच — “पोरगी कोनतं इमान उडवून राहिली?”

२२ सप्टेंबर

पायल दिल्लीला गेली, कंपनीच्या परीक्षेला. बायकोने, मायाने, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि मला दम दिला, “फोन करू करू तिले बेजार करू नका.” मग स्वतःच दोनदा केला.

२६ सप्टेंबर

पडली.

२७ सप्टेंबर

सकाळी पायलचा फोन. लेखीत पास झाली होती. मुलाखतही बरी झाली. घरातलं या लाईनमध्ये कोणी आहे का, असं विचारलं. म्हणाली, “बाबा लाईनमन आहेत.” सगळे हसले म्हणे, तीही हसली. पडली ती सिम्युलेटरवर. बंद खोलीतलं खोटं विमान. उडता उडता एक इंजिन बंद करतात आणि बघतात, पोर काय करते. तेव्हा विमान सरळ ठेवायला पायाखालचं पेडल दाबावं लागतं; तिचा पाय चुकीच्या बाजूला दाबला गेला.

मी म्हटलं, बाकीचेही पडले असतील.

“ते पडले तं एकटे पडले, बाबा. मी पडली का सारा समाज पडते. तिथं बसली होती तं मले तो फ्लेक्सच दिसून राहिला होता. काढा ना तो!”

काढतो म्हणालो.

२८ सप्टेंबर

शिडी लावली. दोन पायऱ्या चढलो आणि मागून गोवर्धन — “काढता? काहून? पडली म्हनतेत. तुमचा तं कोटा रायते ना?”

“विमानात कोटा नसतो, गोवर्धन.”

“म्हनूनच पडली मंग!”

पानठेला सगळा हसला.

घेतली असती तर कोट्याने घेतली. पडली तर कोटा नव्हता म्हणून पडली. दोन्ही उत्तरं त्याच्या तोंडात विड्यासारखी तयार! शिडी खांद्यावर घेतली, परत आलो. आज उतरवला तर शरमेने उतरवला असं होईल. शरम कशाची?

पायलला सांगितलं. तिने फोन ठेवून दिला.

९ ऑक्टोबर

मोरोपंत वकिलांच्या घरची वीज गेली होती. त्यांचा नातू सौमित्र दोन वर्षांपासून विमान चालवतो. काम झाल्यावर चहा आला. म्हाताऱ्याने आपणहून विषय काढला. “पायलला म्हणावं, खचू नकोस. आमचा सौमित्र दोनदा पडला होता.”

मी कप खाली ठेवला. “आम्हाला तर कधी कळलं नाही!”

“कसं कळेल? आम्ही कोणाला सांगितलंच नव्हतं.”

साधेपणाने बोलले. मनात काही नव्हतं. सौमित्रचा नंबर दिला — “त्याला विचार म्हणावं, पाय कुठे चुकतो ते तो सांगेल.”

येताना गाडी हळू चालवली. सौमित्रला गुपचूप पडायला जागा होती. आमच्या पोरीला नव्हती. आणि ती जागा गोवर्धनने घेतली नाही. आपणच घेतली — कौतुकाने.

१० ऑक्टोबर

पायलला फोनवर सांगितलं. “दोनदा? सौमित्रदादा?” आणि हसली! बऱ्याच दिवसांनी. नंबर लिहून घेतला.

“अन् फ्लेक्स, बाबा?”

“तू पडलेली असताना नाही उतरवणार.”

“मंग कधी?”

मनात ठरलं होतं.

२ डिसेंबर

पायल आता घरीच आहे. सौमित्र तिला फोनवर शिकवतो. ती दोन खुर्च्या लावून, डोळे मिटून, हवेत पाय दाबत बसते. माया दारातून बघते आणि म्हणते, “माह्या शिलाई मशिनीवर बस, पाय तरी कामी येतीन.”

१८ जानेवारी २०२६

दुसऱ्या कंपनीची परीक्षा देऊन आली. काही विचारलं नाही. फ्लेक्सचा रंग उडालाय. खांद्यावरच्या पट्ट्या पुसट झाल्या. गोवर्धन म्हणतो, “आता तं पोरगी वळखूही येत नाई.”

वंदना करताना आज तिच्यासाठी काही मागितलं नाही. मागायचं नसतंच. नुसता बसलो.

५ फेब्रुवारी

आज सकाळी खांबावर चढून पायलचा फ्लेक्स उतरवला.

स्वप्निल धावत आला. तोंड उतरलेलं. “मामा, पुन्हा पडली काय?”

“नाही रे. घेतलं तिला. काल कळलं.”

“मंग काढता कायले? दुप्पट मोठा लावू ना!”

“नको.”

“अन् त्या पोरी? वाचत होत्या त्या?”

“पायल शाळेत येणार आहे. पहिल्यांदा कशी पडली, ते आधी सांगणार आहे.”

खाली उतरून खांबाकडे पाहिलं. मोकळा. आता कोणाचाही बांधू देणार नाही.