रोजचं तेल, रेसचं तेल आणि मधली डब्यांची भिंत

मी, खाली सही करणार, वय वर्षे बहात्तर, धंदा मोटारीचं तेल विकणे, दुकानाच्या काउंटरवर बसून, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्या शुद्धीबद्दल शंका घेणारे घरातच आहेत, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यांच्या मते डोकं ठीक आहे, बिघाड छातीत आहे. सोमवारी छाती उघडणार आहेत. उघडलेलं इंजिन पहिल्यासारखं बसतंच असं नाही, हे मी धंद्यात पाहिलं आहे. म्हणून ही तजवीज.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात बिलाच्या पाठीवर काही लिहून बायकोला दाखवलं असेल, तर ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या पश्चात माझ्या पत्नीची. तिने ती कशी खर्च करावी याबद्दल मला काही म्हणायचं नाही. हयातीत म्हणून पाहिलं, उपयोग झाला नाही. तिच्या पश्चात सगळं मुलीचं. मात्र गॅलरीतली माझी वेताची खुर्ची जावयांना देऊ नये. त्याच खुर्चीत बसून ते मोबाईलवर पाहिलेले व्हिडिओ मला सांगतात आणि इंजिन कसं चालतं ते समजावतात. जावई माणूस म्हणून मी ऐकून घेतलं. मेल्यावर माझ्या खुर्चीने ऐकू नये.

कलम २. माझं पितळी नरसाळं समोरच्या गॅरेजच्या मेस्त्रींना. त्यांनी ते फार पूर्वी उसनं नेलं आहे, तेव्हा ताबा देण्याचा प्रश्न येत नाही. फिल्टर खोलायचा पट्टापानाही त्यांनाच. तो मात्र अजून माझ्याकडे आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो नेता येणार नाही, हे त्यांनी समजून असावं.

कलम ३. दुकान.

हे कलम लांबेल. वकीलबाईंनी मला थोडक्यात लिहायला सांगितलं होतं. त्यांना भाऊ नाही.

दुकान आमच्या वडिलांचं. त्यांनी ते आम्हा दोघा भावांना निम्मं निम्मं दिलं आणि निश्चिंत मनाने डोळे मिटले. आज त्या दुकानाच्या मधोमध रिकाम्या डब्यांची भिंत आहे. जमिनीपासून माझ्या कपाळापर्यंत. अलीकडे मी रोजच्या गाड्यांचं सिंथेटिक तेल विकतो. पलीकडे धाकटा रेसचं सिंथेटिक तेल विकतो. तो तरुणपणी ट्रॅकवर गाड्या पळवायचा. एकदा तिसरा आला होता. तो कप अजून काउंटरवर आहे, आणि त्याच्यात सुटे पैसे ठेवतो.

ज्यांना हा कागद कोर्टात वाचावा लागेल त्यांच्यासाठी फरक सांगून ठेवतो, कारण गाडीवाल्यांनाही तो माहीत नसतो. दोन्ही तेलं कारखान्यात घडवलेली, दोन्ही उष्णतेला साध्या तेलापेक्षा चिवट. एकाच आईची लेकरं म्हणा. पण रोजच्या तेलाला महिनोन् महिने इंजिनात नांदायचं असतं. म्हणून त्याच्यात काजळी धुणारी, ती तरंगत ठेवणारी, गंज धरू न देणारी औषधं भरपूर. थंडीच्या सकाळी किल्ली फिरवली की ते झटकन वरपर्यंत पोचलं पाहिजे. रेसच्या तेलाला नांदायचं नसतं. त्याने भयंकर तापलेल्या इंजिनात दोन धातूंमधला पापुद्रा फाटू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. झीज रोखणारी औषधं जास्त, धुणारी कमी, कारण एक-दोन रेसनंतर ते ओतूनच टाकायचं असतं. तेच रोजच्या गाडीत घालून वर्षभर हिंडलं, तर इंजिनात मळ साचतो आणि सायलेन्सरमधली धूर साफ करणारी जाळीही हळूहळू निकामी होते.

उलट, रोजचं तेल ट्रॅकवर नेलं तर ते तापून पातळ होतं, प्रेशर पडतं आणि बेअरिंगं जातात. ही गोष्ट मी पलीकडच्याजवळ कधी मान्य केलेली नाही. इथे केली आहे ती फक्त कोर्टापुरती.

आता गिऱ्हाईकं पाहा. ज्यांची गाडी घरापासून भाजीपर्यंत आणि भाजीपासून घरापर्यंत जाते, तेच रेसचं तेल मागतात. डब्यावर ज्वाळा काढलेल्या असतात ना. एक निवृत्त साहेब आपली गाडी फक्त रविवारी बाहेर काढतात, तीही धुवायला. ते दरवर्षी न चुकता पलीकडून ज्वाळावाला डबा नेतात. हौसेला मोल नाही.

आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडून बोलतो. गेल्याच आठवड्यात एकजण आला.

"चांगलं तेल कुठलं हो, काका?"

"गाडी जाते कुठे?"

"ऑफिसला."

"मग हे घ्या."

लगेच डब्यांमागून आवाज आला. "त्यांना म्हणावं, गाडीलाही जीव असतो. कधीतरी पळू द्या तिला."

मी म्हटलं, "त्यांना म्हणावं, पळायला रस्ता लागतो. बाहेर ट्रक आडवा लागलाय."

"त्यांना म्हणावं, ट्रक हलतो. काही माणसं हलत नाहीत."

गिऱ्हाईक काही न घेताच गेलं. आमची अशी बरीच गिऱ्हाईकं गेली आहेत. आमच्या बायकांची देवाणघेवाण मात्र कधी थांबली नाही. माझी बायको आणि धाकट्याची बायको यांनी भिंतीतला एक डबा काढून तिथे खिडकी केली आहे. तिच्यातून भाजी जाते, लोणचं येतं आणि आमच्या दोघांच्या तब्येतीच्या बातम्या जातात-येतात. आम्ही दोघं त्या खिडकीकडे बघत नाही.

भिंत का झाली तेही लिहितो. माझ्या साठीला धाकट्याने मला न विचारता, हौसेने, माझ्या गाडीत रेसचं तेल भरलं. भेट म्हणून. उंची तेल होतं, त्याच्या मते जगातलं सर्वात उंची. ते लवकर बदलायचं असतं, असं त्याने मला सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल. तेव्हा समोरच्या गॅरेजचा कॉम्प्रेसर चालू होता. मी माझ्या नेहमीच्या हिशेबाने गाडी चालवत राहिलो. माझ्या गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. शेवटी एका चढावर इंजिनाने मान टाकली. मागच्या सीटवर माझे सासूसासरे होते. सासरे तो चढ चालत चढले आणि त्यानंतर हयातभर त्यांनी मला 'तेलवाले' म्हटलं.

मेस्त्रींनी इंजिन उघडलं. आत डांबर. धाकटा म्हणाला, "तेल वाईट नव्हतं. तू बदललं नाहीस." मी म्हटलं, "तू भरलंसच का?" दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी डबे रचायला घेतले. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, अर्ध्यावर आल्यावर तो हात धरेल. तो पलीकडून दुसरी रांग रचू लागला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्याकडे तर सुंभही अजून जळायचा आहे.

तर माझी तजवीज अशी. दुकानातला माझा निम्मा हिस्सा, मालासकट, मी धाकट्या भावाला देतो. अट एकच. त्याने दुकानाच्या दर्शनी भागी, रस्त्यावरून वाचता येईल अशा अक्षरांत पाटी लावावी: 'रोजच्या गाडीला रोजचंच तेल. थोरल्याचं बरोबर होतं.' पाटी लावायची नसेल, किंवा काही कारणाने त्याचा वाटा बाद झाला, तर माझा हिस्सा जावयांना जावा. ते तिथे मोबाईलची कव्हरं विकणार आहेत, असं त्यांनी मी आजारी पडल्याबरोबर बोलून दाखवलं आहे.

ही अट लिहिताना मला फार बरं वाटलं, हे नाकारत नाही.

कलम ४. साक्षीदार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे त्याने साक्षीला सही केली, तर त्याचा वाटा बाद होतो, असं वकीलबाईंनी मला दोनदा बजावलं आहे. म्हणून घरच्या कोणालाही सही करू देऊ नये. शेजारचे टायरवाले आणि चष्म्याच्या दुकानातल्या बाई, हे दोघे सही करतील. दोघांनाही माझ्याकडून काही मिळणार नाही. टायरवाल्यांना हे कळल्यावर ते जरा नाराज झाले.

कलम ५. माझं इंजिन सोमवारी बंद पडलं, तर फार माणसं गोळा करू नयेत. डॉक्टर म्हणतात, रक्त घट्ट झालंय, पातळ करायची गोळी घ्या. मी चाळीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो: थंड इंजिनाला घट्ट तेल चालत नाही. स्वतःचं तेल मात्र तपासलं नाही. मला भीती वाटते आहे. घरी बोललो नाही, इथे लिहितो.

हे सर्व मी सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवलं, आणि ते माझ्या इच्छेप्रमाणेच आहे.

स्थळ: दुकान, अलीकडची बाजू.
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार, दुपारी, गिऱ्हाईक नसताना.

सही: थोरला, रोजच्या तेलाचा विक्रेता.

साक्षीदार पहिले: शेजारचे टायरवाले. (अंगठ्याच्या काळ्या डागाबद्दल क्षमा मागतात.)

साक्षीदार दुसरे: धाकटा सख्खा भाऊ, पलीकडचा काउंटर.

सहीखालचं: सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही, असं वकीलबाई म्हणतात. न धरो.

मी वाचत होतो तेव्हा पलीकडे सामसूम होती. डब्यांच्या भिंतीतून शिंकसुद्धा ऐकू येते, तेव्हा त्याने शब्द न् शब्द ऐकला असणार. चष्मेवाल्या बाईंनी पेन उघडलं, तेवढ्यात तो रस्त्याने वळसा घालून माझ्या बाजूला आला. बाईंच्या हातातून पेन घेतलं आणि त्यांच्या जागी सही ठोकली. त्याचे केस एवढे पांढरे झाले आहेत, हे मला माहीत नव्हतं.

वकीलबाई ओरडल्या, "अहो, काय केलंत! तुमचा वाटा गेला की!"

"ऐकलंय मी. कलम चार."

"मग निम्मं दुकान जावयांना जाईल!"

"तेही ऐकलंय." मग माझ्याकडे वळून तो थेट मला म्हणाला, मध्ये कोणी गिऱ्हाईक नसताना, "मेल्यावर वाद जिंकायला निघालास होय रे दादा? ते जमायचं नाही. पाटी लावायची तर उठून ये आणि स्वतः लाव. मी काढीन. तू परत लाव. आणि नाहीच आलास, तर या काउंटरवर जावई कव्हरं विकतील. आता मरून दाखव बघू."

आत माझी बायको पदर डोळ्यांना लावून बसली. मी टायरवाल्यांना म्हटलं, "त्यांना म्हणावं, सोमवारी सकाळी लवकर निघायचंय."

तो म्हणाला, "मला सांग ना. गाडी मी आणतोय."

"तेल कुठलं आहे त्यात?"

"बसलास की सांगतो."

वकीलबाईंना नवीन मृत्युपत्र करायचं आहे. मी त्यांना पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे.