भिंगरीला शाळेत घ्यायचं की नाही

१४ ऑगस्ट

शाळेने नाही म्हटलं! तोंडावर नाही, गोड बोलून. ‘पुढच्या वर्षी पुन्हा आणा, तेव्हा बघू.’ मुख्याध्यापिका बाई चष्म्याच्या वरून बघत होत्या. भिंगरीला म्हणाल्या, ‘चेंडू उचल, टोपलीत टाक आणि दार लावून ये.’ भिंगरीने चेंडू उचलला आणि तो घेऊन टेबलाखाली शिरली. झालं. साडेचार वर्षांची मुलगी अडीच वर्षांच्या मुलीसारखी वागते म्हणे. पुढच्या वर्षीही हेच असेल तर लांबच्या खास शाळेत घाला, तिथे वसतिगृह आहे.

वसतिगृह! कोणाचा तरी हात धरल्याशिवाय झोप लागत नाही त्या पोरीला.

धाकटी बाहेर बाकावर मान खाली घालून बसली होती. माझी बहीण, भिंगरीची आई. नवरा सोडून गेल्यापासून दोघी माझ्याकडेच असतात.  माझ्या शिलाईच्या दुकानात आली ती थेट इस्त्रीला भिडली. मी शिवलेला प्रत्येक गणवेश दोनदा फिरवला.

२० ऑगस्ट

नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आधीचे सगळे म्हणायचे, लाडावलीय, होईल नीट. या बाईंनी उंची-वजन घेतलं, डोळे बघितले, वरचा ओठ बघितला आणि धाकटीला विचारलं, ‘ही पोटात असताना काही घेत होतीस का?’ मी मध्ये तोंड घालणार तेवढ्यात धाकटी म्हणाली, ‘दारू. दिवस गेलेत हे कळलं तेव्हा चौथा लागला होता. तोवर रोज.’

आवाज अगदी शांत.  दारू सोडून पाच वर्षं झाली तिला, पण हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. ‘बरं झालं सांगितलंस, आता नेमकं काय करायचं ते कळेल.’ मग समजावलं. आई पिते ते नाळेतून बाळापर्यंत जातं. बाळाला ते पचवता येत नाही, आणि मेंदू तर तेव्हाच घडत असतो. म्हणून वाढ कमी, लक्ष टिकत नाही, ऐकलेलं डोक्यात राहत नाही, हात आवरत नाहीत. ‘हट्टी नाही ती. तुम्ही तीन गोष्टी सांगता, तिच्यापर्यंत एकच पोचते.’ झालेलं पुसता येणार नाही म्हणाल्या. पण मेंदू अजून वाढतोय, तेव्हा हात टेकू नका.

एवढी वर्षं आम्ही ‘ऐकत नाही, ऐकत नाही’ म्हणत बसलो. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर जिवाला बरंही वाटलं.

२१ ऑगस्ट

काल लिहायचं राहिलं — कोलीन. मेंदूला लागतं. अंड्याच्या बलकात असतं, मासे, मटण, सोयाबीन यांतही. भिंगरीच्या वयाच्या अशा मुलांना रोज दिलं तर स्मरण थोडं सुधारतं असं दिसलंय. ‘पण थोड्याच मुलांवर पाहिलंय, हमी नाही,’ असं बाईंनी बजावलं. वजनाप्रमाणे पूड दिलीय, रोज सकाळी डब्यातलं एक छोटं माप दुधातून. रक्तात लोहही कमी निघालं, त्याचं औषध वेगळं.

धाकटीने विचारलं, ‘हे मी तेव्हा खाल्लं असतं तर?’ बाई म्हणाल्या, ‘चांगलं खाणं तर हवंच. पण दारूवर उतारा म्हणून काही नाही. पोटात बाळ असताना एक थेंबही नको, एवढंच खात्रीने सांगता येतं.’

५ सप्टेंबर

आमचे हे वायरमन. जगातलं सगळं त्यांना तारा आणि बटणांतून दिसतं. आज मी भिंगरीवर ओरडले — चप्पल काढ, हात धू, जेवायला बस! ती मधेच उभी, गोंधळलेली. हे म्हणाले, ‘अगं, एका बटणाला एकच दिवा लागतो. तू तीन बटणं दाबतेस आणि फ्यूज उडाला की तिलाच रागावतेस.’

आले मोठे शहाणे. पण पटलं.

६ सप्टेंबर

डोक्यात एक आलं. मी कापड बेतते तेव्हा सगळं लक्षात थोडीच ठेवते? खडूने खुणा करते. बाही कुठे लागायची, चुणी कुठे घ्यायची, खूण सांगते. मग पोरीने तरी सगळं डोक्यात का ठेवायचं?

आज कापायच्या टेबलाच्या बाजूला, तिच्या उंचीवर, खडूने चित्रं काढली. चप्पल. नळ. ताट. एक झालं की तिने ते हाताने पुसायचं. भिंगरीने आधी तिन्ही पुसली, मग तोंडाला खडू फासला. असो. उद्या पुन्हा.

३० सप्टेंबर

दुकानात वास येतोय. मासळीचा. आज मासे आणलेच नाहीत.

२ ऑक्टोबर

पडदे न्यायला आलेली बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, ‘शिलाईबरोबर मासेही विकायला काढलेत का?’ माझं डोकंच सणकलं. मशीनखालचं सगळं बाहेर काढलं, मोरी घासली, ह्यांच्या हत्यारांची पिशवीसुद्धा उलटी केली. शेवटी भिंगरीला मांडीवर घेतलं — वास पोरीच्या अंगाला! आंघोळ घातली तरी जाईना.

३ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘पूड किती देता?’ मी म्हटलं, एक माप. मान खाली घालून पुढे म्हटलं, आणि संध्याकाळी अजून एक, लवकर गुण यावा म्हणून. हे खाकरले. हेही कामावर जायच्या आधी गुपचूप एक देत होते! आणि धाकटी पार लाल झालेली. ती दुपारी देत होती. वर मी घातलेली अंडी वेगळीच.

बाई म्हणाल्या, ‘औषध देताय की तिघांत पैज लागलीय?’ कोलीन जास्त झालं की घामाला असाच वास येतो, उलट्याही होतात. नशीब, एवढ्यावर निभावलं. आता डबा धाकटीच्या ताब्यात. आम्ही दोघांनी हात लावायचा नाही.

रस्ताभर हसत होतो. धाकटीला इतकं हसताना कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

८ ऑक्टोबर

वास गेला.

२६ नोव्हेंबर

वाईट दिवस. भिंगरी मांजरामागे धावत थेट रस्त्यात. गाडीवाल्याने कचकन ब्रेक लावला म्हणून वाचली. सकाळीच समजावलं होतं, तिने मान डोलावली होती. धाकटी इस्त्री तशीच टाकून धावली. एका गणवेशाची पाठ जळाली.

ती म्हणाली, ‘ताई, हे मी केलंय तिचं.’ मी म्हटलं, ‘गप. दार बंद ठेवायचं मी विसरले.’ पण तिला ते पटलं नाही. हिची समजूत घालणारी पूड कुठे मिळते?

उंबऱ्यावर खडूची जाड रेघ मारली. लाल.

१७ जानेवारी

आज भिंगरी रेघेपाशी आली आणि थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘लाल.’ कोणी काही बोललं नव्हतं. मी मशीन चालवायचं विसरून बसले.

२ मार्च

भिंगरीने बटणांचा डबा आणला, झाकण लावलं, परत ठेवला. तीन! चित्रं बघत बघत, पण तीन. लोहाने, कोलीनने, खडूने की वय वाढलं म्हणून, देव जाणे. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, सांगता येत नाही, चालू ठेवा. मला काय, मी सगळ्यांच्या पाया पडते.

९ एप्रिल

उद्या भिंगरीला पुन्हा शाळेत दाखवायचं. रात्रीच्या जेवणाला वाद. ती अशी का, हे विचारलं तर काय सांगायचं? हे म्हणाले, ‘लहानपणी ताप डोक्यात गेला म्हणू.’ मीही म्हटलं, हेच बरं. गणवेश शिवायला येणाऱ्या निम्म्या आया त्याच शाळेतल्या. धाकटीला जगू देणार नाहीत, इस्त्रीच्या कपड्यांतही खोट काढतील. धाकटी ताटात बोट फिरवत राहिली. ‘भाऊजी म्हणतात तसं,’ एवढंच म्हणाली.

१० एप्रिल



मुख्याध्यापिका बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. चेंडू, टोपली, दार. भिंगरीने चेंडू उचलला आणि थांबली. इकडे तिकडे चित्रं शोधायला लागली. भिंतीवर काहीच नाही. मला वाटलं, संपलं सगळं. मी उठून पिशवीतला खडू काढला आणि विचारलं, ‘बाई, फरशीवर काढू?’ त्यांनी मान डोलावली. चेंडू, टोपली, दार — काढलं. भिंगरीने टोपलीत चेंडू टाकला, चित्र पुसलं. दार लावलं, चित्र पुसलं. मग उरलेला माझा बेढब चेंडूही पुसला आणि बाईंच्या पांढऱ्या साडीला हात!

बाई साडी झटकत म्हणाल्या, ‘मुलीला नेमकं झालंय काय?’

ह्यांनी तोंड उघडलं, ‘ताप—’

‘ताप नाही,’ धाकटी म्हणाली. ‘ही पोटात होती आणि मी दारू पीत होते. तिच्या मेंदूला लागलं ते. तिचा काही दोष नाही. तिला एकेक सांगावं लागतं, दाखवावं लागतं, मग ती करते. तुम्ही पाहिलंत. मी वर्गाबाहेर बसेन, फरशी पुसेन, पण तिला लांब पाठवू नका.’

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शिपाई दारात थबकलेला. मग म्हणाल्या, ‘फरशी पुसायची गरज नाही. वर्गात फळ्याशेजारी चित्रं लावू. जूनपासून आणा.’

घेतलं! ह्यांनी रस्त्यातच भिंगरीला खांद्यावर घेतलं. मी धाकटीचा हात धरला तर बर्फासारखा गार.

११ एप्रिल

सकाळी दुकान उघडायच्या आत मुख्याध्यापिका बाई दारात. एकट्याच. वाटलं, विचार बदलला. त्या माझ्याकडे बघेनातच. धाकटीला म्हणाल्या, ‘माझ्या सुनेला तिसरा महिना चालू आहे. रोज संध्याकाळी दारू घेते. माझं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही. तू येऊन तिच्याशी बोलतेस का?’

धाकटीने इस्त्री बंद केली.