बिनरंगाचा निळा

२ फेब्रुवारी २०१६, मंगळवार
मीटिंगमध्ये हिमांशू हसला. लक्षात ठेवलंय.
मी एवढंच सांगत होतो की फुलपाखराच्या पंखात निळा रंग नसतोच. पंखावर बारीक खवले असतात, खवल्यांवर त्याहून बारीक रेघा नि थर. प्रकाश त्यातून निळा होऊन परततो. तीच घडण प्लॅस्टिकवर उठवली की बिनरंगाचा निळा तयार, उन्हापावसात विटायचा नाही. (पावसाचं सध्या सोडा.) त्यावर हा हसून म्हणाला, सर, मस्त आयडिया, मी मदत करू का?
माझाच जुना विद्यार्थी, आता माझ्याच विभागात शिकवतो. ऑप्टिक्स मी शिकवलं. प्राचार्यांनी जाहीर केलं, विज्ञान दिनाला जो काहीतरी करून दाखवेल त्याला नव्या लॅबचा चार्ज. कॉलेजात आलो तेव्हापासून मी ह्या लॅबची वाट बघतोय. हिमांशूला सोडत नाही.

४ फेब्रुवारी
हिमांशूशी बोलणं बंद. त्याला अजून कळलेलं नाही. दोनदा चहा पाजला त्याने.
फुलपाखरं मिळेनात. बायपासच्या मोकळ्या प्लॉटांवर टू बीएचके उभे राहिले, उरलेलं रान करपलंय.

७ फेब्रुवारी, रात्री
वाचलं की फुलपाखरं ओल्या मातीवर क्षार चोखायला बसतात. बादलीत मीठ घालून अंगणात ओतली. शेजारच्या गोजरबाई टँकरच्या रांगेतून म्हणाल्या, मास्तर, मानसाला प्यायला नाय अन् तुम्ही मातीला पाजू लागले व्हय? अडाणी बाई, असं मनात म्हणालो. ती बादली बायकोच्या, भानुमतीच्या, आंघोळीची होती, हे नंतर समजलं. ती दिवसभर बोलली नाही. विज्ञानाला त्याग लागतोच.

८ फेब्रुवारी
आली! नखाएवढी, निळी, चिखलावर ओळीनं. मच्छरदाणीच्या तुकड्याने पकडली. मारताना वाईट वाटलं. मग हिमांशू आठवला, हात स्थिर झाला.

११ फेब्रुवारी
साच्यासाठी दातांचं माप घ्यायचा सिलिकॉन उत्तम. मेहुणे व्यंकटराव डेंटिस्ट. म्हणाले, दाजी, देतो की, पण आधी ती दाढ दाखवा. सिलिकॉन मिळाला. दाढ गेली.

१४ फेब्रुवारी
यश!! पंखावर सिलिकॉन ओतला, वाळल्यावर सोलून काढला आणि सिलिकॉन निळा! पुस्तकात दोन पायऱ्या दिल्यात: आधी साचा, मग साच्यातून नक्कल. माझ्या साच्यातच निळा उतरला. लिहिणाऱ्याचा हात बसलेला नसावा.
खालचा पंख मात्र काचेसारखा आरपार दिसतोय. सगळं सत्त्व दिलं बिचाऱ्यानं.
दुसरी पायरी रद्द.

१९ फेब्रुवारी
हिमांशूने विचारलं, सर, एकदा मायक्रोस्कोपखाली बघू या का? बघू म्हणे. म्हणजे हा बघणार, फोटो काढणार आणि पेपर छापणार. मायक्रोस्कोप त्याच्याच टेबलावर असतो. म्हणालो, माझे डोळे चांगले आहेत. मान डोलावून वर्गावर गेला. घाव वर्मी लागला.

२५ फेब्रुवारी
भाषण पाठ. शेवटचं वाक्य: "जे हसले, त्यांचे विशेष आभार." हे म्हणताना त्याच्याकडेच बघायचं, नजर हलवायची नाही. भानुमतीसमोर तालीम केली. ती म्हणाली, त्या पोराला एकदा दाखवून तर बघा, तुम्हाला खातो का तो? घरात फितुरी.

२७ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी
विज्ञान दिन उद्या, पण उद्या रविवार म्हणून आजच उरकला.
हॉल भरलेला. प्रकाशाचा झोत टाकला. निळा असा चमकला की पोरांनी टाळ्या वाजवल्या. आभार मानले, हिमांशूकडे बघून. त्याने मान लववून स्वीकारले.
मग प्राचार्यांनी साचा हातात घेतला आणि अंगठा फिरवला. निळा अंगठ्यावर आला. पुन्हा फिरवला. साचा पांढरा पडला. कुणीतरी मागून म्हणालं, पाऊडर हाय की.
घडण वगैरे काही उतरलेली नव्हती. पंखाचे खवलेच सोलून सिलिकॉनला चिकटले होते.
मी हिमांशूकडे बघितलं. हसला असता तर मी तयार होतो, उत्तरही ठरलेलं होतं. तो उठून म्हणाला, सरांचा प्रयोग अर्ध्यावर आहे, पहिल्यांदा खवले निघून येतातच, माझेही आले असते. सगळ्यांना पटलं.
घरी आल्यावर पाणी पिऊन पडलो. इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. सूड उगवायला माणूस तरी नीट वाईट हवा.

२९ फेब्रुवारी, सोमवार
चार्ज हिमांशूला. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, मीही म्हणालो, योग्य निर्णय.
हिमांशू म्हणाला, सर, दुसरी पायरी आपण दोघं करू, लॅबमध्ये या. जाणार नव्हतो. तो काय करतोय यावर नजर ठेवायला हवी, म्हणून गेलो.
मायक्रोस्कोपखाली पंख लावून ठेवला होता. वाकून बघितलं. कौलं शाकारावीत तसे निळे खवले, ओळीवर ओळ. एकही वाकडा नाही. आजवर मी हे कधी बघितलंच नव्हतं, फक्त शिकवलं होतं. किती वेळ बघत होतो कोण जाणे. हिमांशू हळूच म्हणाला, सर, फर्स्ट इयरची मुलं थांबलीत.
उठलो. मुलांनी वाट करून दिली.
सगळ्यांच्या मागे जाऊन पुन्हा रांगेत उभा राहिलो.