नळीला शुगर नसते

आबा,

मी युनिव्हर्सिटीत चाललेय. भाकरी झाकून ठेवल्यात.

गुळवेलीच्या डब्यामागं तुमच्या शुगरच्या गोळ्या सापडल्या, न फोडलेल्या. आई म्हणाली, तुम्ही तालमीत सांगत फिरताय, "गुळवेलीनं शुगर जाते हे पोरीनंच सिद्ध केलंय की, आता गोळी कशाला."

प्रबंधासाठी मी एवढंच केलंय. गुळवेलीचा अर्क काचेच्या नळीत जांभळ्या द्रावात टाकला आणि जांभळा रंग उडून पिवळा झाला. म्हणजे त्या वेलीत अँटिऑक्सिडंट आहेत. हे सगळं नळीत झालं, आबा. नळीला शुगर नसते आणि ती कुणाच्या बारशाला जाऊन चार जिलेब्याही खात नाही.

गुळवेलीचा काढा ओतून टाकलाय. ओरडायचं तर संध्याकाळी ओरडा. आजची गोळी ताटाशेजारी ठेवलीय. राहिलेल्या एकदम घेऊ नका, उद्या डॉक्टरांकडं जाऊ. तालमीतल्या बाबासोकाकांनाही सांगा, तुमचं ऐकून त्यांनीही गोळ्या बंद केल्यात म्हणे.

प्रबंध आज बायंडिंगला टाकतेय. पहिल्या पानावर तुम्हाला अर्पण केलाय. तुमच्या नावाआधी 'कैलासवासी' लावायची पाळी माझ्यावर आणू नका.

राजनंदिनी