फणसाच्या बुडाशी टाकलेली माती

आत्याबाई, तुमचा फणस वाळत चाललाय. पयलं हेच सांगते, कारण दुसरं काय तुमाला ऐकायचं नसायचं. मी कशी हाय, गुडघे कसे हायत, हे तुमी जित्या असताना विचारलं नाय तर आता काय विचाराल. शेंड्याकडच्या दोन फांद्या पार बोडक्या झाल्यात. पानं पिवळी पडून गळतात, नवी येतात ती बोटाएवढी. औंदा बारके फणस धरले, ते मुठीएवढे झाले न काळे पडून खाली आले. आन हे सगळं कशापायी, तर लॉनपायी. लॉन म्हंजे गवत. तुमच्या वेळी अंगणात गवताची काडी दिसली की तुमी बोलायच्या, "सापाला गादी घातलीस का गं?" मंग मी सारवण टाकून आधी ती काडी उपटायची. आता माझ्या थोरल्यानं, तुमच्या लाडक्या नातवानं, त्याच अंगणात टेंपोतून गवत आणून घातलंय. खरोखर गादीसारखं, गुंडाळ्या करून.

तो खालापूरला कंपनीत सुपरवायझर हाय. येताजाता रस्त्याच्या दोन्ही अंगाला फार्महाऊस बघतो. आपल्या वेशीपासून कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेपर्यंत आता भाताचं शेत शोधावं लागतं, सगळी कंपाउंडं न फाटकं. प्रत्येक फाटकाच्या आत हिरवं गवत, आन त्या गवतावर कोण माणूस दिसंल तर शपथ. हे बघून बघून याच्या डोक्यात शिरलं. "आई, आपल्या दारात पण लॉन पायजे." मी बोलले, गाय तर कधीच विकली, खाणार कोण? तर बोलतो कसा, "खायला नसतंय गं आई, बघायला असतंय." बघायला. समोर अख्खा डोंगर उभा हाय तो याला पुरत नाय. त्यात त्याच्या पोरीचा साखरपुडा दारातच करायचा ठरला. नवऱ्याकडची माणसं शेलूची, चौथ्या मजल्यावर राहणारी. त्यांना अंगण दाखवायचं होतं. म्हंजे आपल्याकडं जे फुकट हाय तेच नटवून दाखवायचं.

गवत आलं न फणसाशी अडलं. तुमाला तर ठाऊक, छपराच्या पागोळ्यांचं पाणी वर्षानुवर्षं त्याच्या बुडाशी पडून माती वाहून गेली, आन मुळं वर आली. नुसती वर नाय, पार म्हशीच्या पाठीसारखी, घरापासून विहिरीच्या वाटेपर्यंत. गवत कापायचं मशीन आणलं, त्याचं पातं पयल्याच दिवशी मुळाला लागून वाकलं. सूनबाई बोलायला लागली, पावणे ठेचकाळतील, नवऱ्याची आजी पडली तर शकुन काय राहील. मंग चौक गावचा एक नर्सरीवाला बोलावला. मला वाटलं कुऱ्हाड घेऊन येईल. तर हा बाबा उकिडवा बसला न मुळांवरनं हात फिरवीत राहिला, वैद्य नाडी बघतो तसा. माझा जीव नुसता वैतागला. थोरला पयल्या पाळीला गेलेला, म्हणून मलाच सांगायला लागला. "मावशी, मुळं तोडू नका. आन वरनं माती टाकून बुजवू पण नका. खळग्यांत थोडी माती भरा, वर वाळका पाला पसरा, बुंधा मोकळा ठेवा. गवत लांबच थांबवा, सावलीत ते धरायचं पण नाय." मी बोलले, का रं बाबा, पावण्यांनी काय पाल्यात बसायचं? तो बोलला, मुळं श्वास घेतात. मी बोलले, याला दमा हाय का मंग? हसला बिचारा. "साहेबांना सांगा मावशी नीट." सांगते बोलले. झाड हाय का जावई, इतका मानपान कशाला, हे मनात बोलले.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या फार्महाऊसवर पोहायचा हौद खणत होते, त्यांची तांबडी माती ट्रॅक्टरनं बाहेर चालली होती. मी ट्रॉलीवाल्याला हाक मारली, बोलले, इकडं उलटी कर, अगदी बुंध्याशी. जेवणाच्या वेळेपर्यंत फावड्यानं सपाट करून मोकळी. हात-दीड हात भर पडली. एक मूळ दिसत नव्हतं. वर गवताच्या गुंडाळ्या सोडल्या, थेट बुंध्याला टेकवून. काम कसं, असं पायजे. संध्याकाळी थोरला आला, उभा राहून बघत राहिला, न बोलला, "आई, नर्सरीवाल्यानं सांगितलं का असं करायला?" मला पुढं वाद नको होता. मी बोलले, हो, त्यानंच सांगितलं. बस, येवढंच. साखरपुडा चांगला झाला. कोण ठेचकाळलं नाय. नवऱ्याच्या आत्यानं तर चपला काढून गवतावर पाय ठेवले न डोळे मिटले, जशी काय काशीलाच पोचली.

आता तुमी बोलाल, तुला मी शिकवलं नव्हतं का. शिकवलं होतं. विसरले असते तर बरं झालं असतं. माझं लग्नाचं पयलं वर्ष, भात झोडून झालेलं. तुमी मला बोलल्या, शेतातली गाळाची माती आण न फणसाला भर दे. मी सातवी शिकलेली, मला वाटलं यात काय शिकायचं. दोन पाट्या आणल्या न दोन्ही बुंध्यावर ओतल्या. तुमी मिश्री लावीत त्या जाड मुळावर बसलेल्या. उठल्या नाय. बसल्या जागेवरनं बोलल्या, "पांघरूण गळ्यापर्यंत घेत्यात गं. तोंडावर घेत्यात ते मेल्यावर." विहिरीवर दोघी शेजारणी पाणी भरत होत्या. त्यातली एक लगेच बोलली, "आत्याबाई, शिकलेली सून केलीत, झाड लावतेय का पुरतेय?" दोघी खिदळल्या. मी खाली बसून हातानं सगळी माती उकरते, डोळ्यातलं पाणी पदराला पुसायला हात मोकळा नाय, न तुमी वरनं सांगताय, इथं खळग्यात दाब, इथं मुळाची पाठ उघडी ठेव, इथं पाला टाक. रागं भरून नाय, सावकाश. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. दर वर्षी दिवाळी झाली की हे काम माझं ठरून गेलं. आन रोज सकाळी त्या मुळांच्या फटीत अडकलेला कचरा काढायचा. खराटा पोचत नाय, बोटांनी काढ. तुमी गेल्यावर मी पयलं काय सोडलं असंल तर ती दिवाळीची भर. त्यानंच मुळं इतकी वर आली असतील, हे मला ठाऊक हाय, तुमी सांगायला नको.

म्हंजे ट्रॉली उलटी होत होती तेव्हा मला तुमचं बोलणं आठवलं नाय असं नाय. आठवलं. चांगलं शब्दाला शब्द आठवलं. आन तरी पण मी फावडं आधी तुमच्या त्या बसायच्या मुळावर चालवलं. ते मातीखाली गेलं तेव्हा मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणाला तरी गप्प केल्यासारखं. हे मी कुणाला सांगितलं तर लोक बोलतील म्हातारीचं डोकं फिरलं, मेलेल्या माणसावर सूड उगवते. उगवला तर उगवला. तुमी पण काय कमी केलं नव्हतं. फक्त एकदा तुमचा हात सैल सुटला. थोरला पोटात होता, सातवा महिना, न अंगणात एका जागी जमीन तडकली न वास सुटला. तुमी बोटांनी माती बाजूला केली, तर खाली मुळालाच फणस लागलेला, पिकून फुटलेला. कापा फणस, कडक गऱ्यांचा. पुरुष माणसं शेतावर होती. तुमी तो तिथंच फोडला, तेल लावलेल्या हातानं गरे काढले न सगळे माझ्यापुढं ठेवले. एक पण तोंडात टाकला नाय. "खा. आन वर कुणाला सांगत बसू नको," बोलल्या. दुसऱ्या दिवशी परत तशाच, कचरा काढ, बोटांनी काढ.

तर आता झाड वाळतंय, न थोरल्याला कोण तरी धरायला पायजे. त्यानं नर्सरीवाल्याला धरलं. फोनवर वाट्टेल तसं बोलला, तुमी आमच्या आजीच्या हातचं झाड मारलंत, तुमच्या सल्ल्यानं माती टाकली. वर दोन फार्महाऊसवाल्यांना सांगून आला, याच्याकडनं रोप घेऊ नका, याला कळत नाय. आजीच्या हातचं झाड. आजी होती तेव्हा तो त्या झाडावर चढून खाली बघायचा न बोलायचा, म्हातारी आली, उतरा. असो. गेल्या आठवड्यात नर्सरीवाला स्वतः मोटारसायकल घेऊन आला. मी ओट्यावर मेथी निवडत होते. तो बुंध्याशी बसला, गवत बाजूला केलं, बोटं मातीत घातली, अख्खी बोटं आत गेली तरी मूळ लागंना. बोलला, "ही एवढी भर कोणी घातली?" थोरला उसळला, "कोणी म्हंजे? तुमीच तर आईला सांगितलंत." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मेथी निवडत होते, निवडत राहिले. मंग तोच बोलला, "असंल. आधी माती काढू या साहेब, मंग काय ते बोलू." असला मोठेपणा मला आवडत नाय. सरळ बोलला असता, ही म्हातारी खोटं बोलते, तर मी पण दोन शब्द दिले असते न विषय संपला असता. आता तो गप्प, न त्याचं ओझं माझ्या डोक्यावर. थोरला आता गावात सांगतो, बघा, त्यानं स्वतः कबूल केलं.

जाताना त्यानं मला एकटीला सांगितलं, पावसाच्या आत बुंधा मोकळा करा, कुदळ लावू नका, मुळांची साल सोलपटते, हातानं नायतर खुरप्यानं काढा. "मी सोमवारी येतो मदतीला," बोलला. मी बोलले, गरज नाय. तरी येणार हाय. आता रोज दुपारी मी खुरपं घेऊन बसते. सूनबाई विचारते, आई एवढ्या उन्हात काय करताय, मी बोलते, हळद लावायला जागा करतेय. बुंध्याच्या गोठ्याकडच्या अंगाला साल भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी झालीय, बोट लावलं की सुटते, आत काळं न आंबूस. विहिरीकडच्या अंगाला मात्र खुरपं टणकन वाजतं. अर्धं गेलंय, अर्धं हाय. जगंल का, विचारलं तर नर्सरीवाला बोलतो, पाऊस होऊन जाऊ दे, मंग बघू. सरळ उत्तर द्यायची सवय आता कुणालाच राहिली नाय. गवताच्या गुंडाळ्या मी सोडवून कंपाउंडच्या बाहेर टाकल्या, तर थोरला बोलला, आई लॉनचं वाटोळं केलंस. मी बोलले, खायला नसतंय रं, बघायला असतंय, मंग तिकडं जाऊन बघ. तो हसला. त्याला अजून वाटतं, आई आजीच्या मायेपोटी उकरतेय.

तीन दिवस झाले, पोरीच्या वहीची मागची पानं फाडून लिहितेय, न पयल्या पानावर जे यायला पायजे होतं ते आता लिहिते. त्या माणसानं मला माती टाकू नको म्हणून सांगितलं होतं, न मी पोराला उलटं सांगितलं. तुमाला एक अक्षर वाचता यायचं नाय, टपालवाला आला तर तुमी कागद माझ्याकडं फेकायच्या, हे बसतानाच मला ठाऊक होतं. म्हणून तर तुमाला लिहायला बसले. ज्याला वाचता येतं तो आत मॅच बघतोय, न कागद मी गादीखाली सारणार हाय. उद्या सोमवार.