भट्टीपाशी बोलू नये

किसुमू, ३ जून

ती. आत्या, शि. सा. न. वि. वि.

आमच्या शाळेत बालवाडीची आणि विशेष गरजा असलेली मुलं आता एकत्र मातीचे मणी वळतात. शेगडीवर भाजले, तर सगळे फटाफट फुटले. मुख्याध्यापक म्हणतात, पालकसभेला एकही धड माळ नसेल तर मातीचा तास बंद. मला काळजी अमोंडीची. पोर बोलत नाही, मधूनच किंचाळते, दिवसभर दाराकडे पळते. माती हातात आली की तेवढी स्वस्थ बसते. तास गेला तर तिला घरीच ठेवीन, असं तिची आई म्हणते. तुझ्या भट्टीत आमचे मणी घेशील? येताना सुका ओमेना मासा आणते.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी अपोंडी

होमा बे, ९ जून

चि. अपोंडीस अ. उ. आ.

मास्तरीणबाई, मासळीची लाच दिल्यावर नाही कसं म्हणू! शनिवारी या. पण आपल्या घरची रीत ठाऊक आहे ना? भट्टी पेटली की विझेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, पाहुण्याला ‘या’सुद्धा म्हणायचं नाही. शब्द आत शिरला की मडकं तडकतं. बाकीच्यांना दटावता येईल. अमोंडी किंचाळते असं तूच लिहिलं होतंस, तिला आणू नकोस. राग मानू नकोस, माझी महिन्याची मडकी त्यात आहेत.

तुझी आत्या

होमा बे, २० जून

चि. अपोंडीस अ. उ. आ.

ताप उतरला का? तुझ्याऐवजी अमोंडीची आई मुलांना घेऊन आली, आणि अमोंडीलाही. दारात आलेल्या लेकराला हाकलणार कसं? धूर पाहून तिनं किंकाळी फोडली ती थांबेचना. आई बिचारी माझ्याकडे बघत तिचं तोंड दाबू लागली, स्वतःही रडू लागली. मला ते बघवेना. सोड गं तिला, ओरडू दे पोरीला, असं मीच मोठ्यानं म्हणाले. मग काय, सगळी पोरं चिवचिवायला लागली.

माझी दोन मडकी तडकली. मणी एकही नाही. शब्दानं तडकली की जळणातल्या ओलसर गवतानं, देव जाणे. मणी गार झाल्यावर मुलांनी तिथंच माळा ओवल्या. तास चालू राहिला हा तुझा निरोप मिळाला, फार बरं वाटलं.

तडकलेलं मडकं आपण कुटून नव्या मातीत मिसळतो. पण जाताना अमोंडीनं त्यातल्या एका मडक्याच्या गळ्यात आपली माळ घातली. आई काढायला गेली, तर तिनं आईचा हात धरला. मी रोज कुटायला बसते आणि तशीच उठते. माझ्याच्यानं नाही होत गं.

पुढच्या भट्टीला तिला घेऊनच ये.

तुझी आत्या