शिळा मासा शिळा दाखवणारा मॉनिटर

बोईसर,
नवरात्राचा तिसरा दिवस, रंग निळा
(असं पेपरात छापलंय. माझ्या डोळ्यांवर तुमचा भरवसा नाही, म्हणून पुराव्यासकट लिहिते.)

तीर्थरूप कृष्णकांतमामांना भावनाचा वाकून नमस्कार. वाकले आहे ती नमस्कारापुरतीच, हे पुढे वाचाल तेव्हा ध्यानात येईल.

गुडघा कसा आहे? साखर तपासलीत का, की मागच्या वेळेसारखी तपासणीच्या आदल्या दिवशीच फक्त गोड बंद केलंत? दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं नीट झाली आणि आता तुम्हाला समोरच्या भिंतीवरचं शेवाळसुद्धा दिसतं, असं आईकडून कळलं. फार आनंद झाला. (ते शेवाळ तुम्ही नामदेवकाकांना बोट करून दाखवलंत आणि भिंत त्यांची असल्यामुळे ते आता तुमच्याशी बोलत नाहीत, हेही कळलं.) आम्ही इकडे ठीक आहोत. आता फोन सोडून पत्र का लिहिते आहे, असं विचाराल. तर फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मी काहीही लिहिलं तरी तुमच्याकडून सूर्योदयाचं चित्र येतं. पत्राला मध्येच तोडता येत नाही. वाचावंच लागतं.

मुद्द्याचं आधी लिहिते. सोमवारी मी एमआयडीसीतल्या त्या कंपनीत मुलाखतीला जाणार नाही. तुम्ही शब्द टाकला आहे, ओळखीच्या माणसाला दोनदा चहाला बोलावलं आहे, सगळं मान्य. पण तुमच्या सुजीतच्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाला, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन, तुम्ही भरल्या घरात काय म्हणालात ते मी विसरलेली नाही. ‘या पोरीला रंगच दिसत नाय. दुकान बंद करा नि हिला कंपनीत चिकटवा.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. भटजींनीसुद्धा डोलावली, ज्यांना माझ्या दुकानाचा पत्ताही माहीत नाही! आणि नोकरी तरी कसली बघितलीत, तर चलनं टाइप करायची. पांढऱ्यावर काळं. म्हणजे रंगाची भानगडच नको, असा तुमचा विचार दिसतो. तर मामा, मी दुकान बंद करणार नाही. उलट दुकानासाठी नवा मॉनिटर घेतला आहे. चांगला, महाग, डिझाइनच्या आणि फोटोच्या कामाचा. तो कसा घेतला ते सविस्तर कळवते, म्हणजे उद्या कोणी मीठमसाला लावून सांगायला नको. तो मीच लावते.

सुरुवात हळदीपासूनच करायला हवी. हळदीला आपल्या घरच्या सगळ्या बायकांनी एकसारख्या साड्या नेसायच्या आणि रंग आपल्या बोटीच्या पट्ट्याचा घ्यायचा, असं मंदामावशीने ठरवलं होतं. (वराच्या आत्येपुढे कोणाचं चालतं? तुम्ही तिचे मोठे भाऊ असून तुमचंही चाललं नाही.) पट्टा निळा, आजोबांच्या वेळेपासून निळा. लांबून येणारी बोट आपली की दुसऱ्याची, हे बंदरावर उभं राहून त्या निळ्यावरून ओळखतात. मी बंदरावर गेले, पट्ट्याचा फोटो काढला, दुकानात बसून रंग हुबेहूब जुळवला, हळदीचा बॅनर त्याच रंगात केला आणि साडीवाल्यासाठी एक नमुना पालघरला छापायला पाठवला. तो तिथूनच परस्पर त्याच्याकडे गेला. माझ्या मॉनिटरवर तो निळा इतका देखणा दिसत होता की बोटीनेही लाजावं. साड्या आल्या त्या जांभळ्या. वांग्यासारख्या जांभळ्या. बदलायला वेळ नव्हता. बायकांनी नाकं मुरडत नेसल्या आणि मांडवात जाऊन बघतात तर केटररच्या वाढपी मुलीही जांभळ्याच साड्यांत!

पुढचं तुम्हीही पाहिलंत, पण मोतीबिंदूतून, म्हणून पुन्हा सांगते. मुलीकडच्या एका सद्‌गृहस्थांनी मंदामावशीला टिचकी वाजवून बोलावलं आणि पापड मऊ आहे अशी तक्रार केली. मावशीने भाताचं पातेलं उचललं आणि त्यांच्या पानात इतका भात वाढला की पलीकडून ते दिसेनासे झाले. तुमच्या दोन्ही चुलत बहिणींना सबंध संध्याकाळ लोक पाणी मागत होते. आणि मनोरहून कामाला आलेली लाडकी नावाची वाढपी मुलगी, फोटोवाल्याने ‘घरच्या बायका इकडे या’ म्हटल्यावर, हाताला धरून उभी केली गेली. अल्बमच्या पहिल्याच पानावर ती तुमच्या शेजारी आहे. (सगळ्यांत छान तीच हसली आहे. पुसून टाकू का, असं सुजीतने विचारलं होतं. मी नाही म्हटलं.) मांडवात चौरंगावर ठेवायला मी हंसामामीचा मोठा फोटोही करून दिला होता, पण त्याविषयी इथे लिहीत नाही. विषय मॉनिटरचा आहे.

तर दोष डोळ्यांचा नव्हता, मॉनिटरचा होता. आणि मॉनिटर कोणाचा? तुमचा! सुजीतचा डिप्लोमा झाल्यावर तुमच्याकडे टेबलाखाली पडून होता, तो दुकानाच्या मुहूर्ताला तुम्ही हार घालून, कुंकू लावून मला दिलात. (कुंकवाचा ठिपका अजून कोपऱ्यात आहे. त्या मॉनिटरवर खरा लाल रंग तेवढाच उरला होता.) त्याचा लाल मेला होता, मामा. जांभळं निळं दिसायचं. माणसं आजारी दिसायची. मग मी बिचारी त्यांच्या गालांवर थोडा लाल घालायची, अजून थोडा घालायची, मॉनिटरवर ती माणसात आली की छापायला पाठवायची. छापून येईपर्यंत सगळे तर्र! गेल्या वर्षी उमरोळीच्या व्यसनमुक्ती शिबिराचा बॅनर मी केला होता. त्यातले प्रमुख वक्ते असे दिसत होते की लोक थांबून विचारायचे, शिबिर यांच्यासाठी आहे का. मी समजायचे, छपाईवाल्याची शाई वाईट. छपाईवाला समजायचा, पालघर जिल्ह्यातले पुढारी असेच असतात.

शेवटी मॉनिटर बदलायचा असं ठरवून मी पालघरला गेले. मासळीचा बाजार आटोपून मंदामावशीही बरोबर आली, रिकाम्या पाटीसकट. (रिकामी म्हणजे तळाशी थोडे बोंबील होते.) दुकानाच्या एसीत त्या बोंबलांनी आपली जागा केली आणि बाकीची गिऱ्हाइकं हळूहळू पंख्यांच्या विभागाकडे सरकली, त्यामुळे विक्रेता प्रीतम सर्वस्वी आम्हाला मिळाला. त्याने भिंतीवरचे सगळे मॉनिटर एकदम लावले. सगळ्यांवर पोपट. हिरवे, लाल, उडणारे, बसलेले. मी म्हटलं, बाबा रे, बोईसरला माझ्याकडे पोपट वाढदिवसाचे बॅनर करायला येत नाहीत. मी माझा पेनड्राइव्ह आणला होता. त्यात एकाच रावसाचे दोन फोटो: एक जाळ्यातून काढल्यावरचा, कल्ला उचलून, आत लालबुंद, दुसरा त्याच रावसाचा तीन दिवसांनंतरचा, कल्ला तपकिरी. (ते तीन दिवस आईने मला घरात काय काय ऐकवलं, ते तिलाच विचारा.) लोक मॉनिटर घेताना आकडे बघतात. मी कल्ला बघणार होते.

पहिला दाखवला तो चकचकीत काचेचा. त्यात रावसापेक्षा मावशीच जास्त दिसत होती. दुसरा स्वस्त होता. समोरून बरा, पण जरा बाजूला सरकलं की रावस काळवंडायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला माझ्या मांडीवर बसवून डिझाइन दाखवावं लागलं असतं. तिसरा मोठा, वाकडा, गेम खेळणाऱ्यांचा. त्यावर प्रीतमने दुसरा फोटो, तो तीन दिवसांचा, लावला मात्र, आणि मावशी ओरडलीच. ‘हाच घे गो भावना! तीन दिसांचा मावरा, नि कसा आताच जाल्यातून काढलाय असा दिसते! ह्यो मना बाजारात लावाला पायजे.’ प्रीतमची छाती फुगली. तेवढ्यात मला कळलं की हा घ्यायचा नाही. अहो, इतकी वर्षं मी हेच भोगते आहे! तुमचा मॉनिटर ताजं शिळं दाखवायचा, हा शिळं ताजं दाखवतो. खोटं ते खोटंच. मला शिळा मासा शिळा दाखवणारा मॉनिटर पाहिजे, असं मी भर दुकानात मोठ्याने सांगितलं. मालकाने काउंटरवरून मान वर केली.

तसा एक होता, कोपऱ्यात, धूळ खात. चकाकी नाही, वाक नाही, पोपटही त्यावर थकलेले. प्रीतम पडलेल्या आवाजात म्हणाला, ‘मॅडम, ये डिझाइनवालों का है. इसमें मजा नहीं आता. जैसा है वैसाच दिखता है.’ मामा, माझ्या अंगावर काटा आला. ताजा कल्ला लाल, शिळा तपकिरी. मी डावीकडे उभी राहिले, मावशीला उजवीकडे उभं केलं, दोघींना एकच रंग दिसला. (आमच्या दोघींचं कशावर तरी एकमत झालं, ही बातमी आईला कळवा.) मावशी मात्र निराश. ‘हा आपल्या धंद्याचा नाय,’ म्हणाली. मी मॉनिटरची घासाघीस करत होते तेव्हा ती प्रीतमशी बोंबलांची करत होती. माझ्यापेक्षा तिचं आधी जमलं.

रिक्षातून येताना खोक्यावर मावशीने पाटी ठेवली, त्यामुळे अजून मॉनिटर तापला की दुकानात बाजार भरतो. ते असो. मी तो जोडला आणि सर्वांत आधी हळदीचा बॅनर उघडला. जांभळा! ढळढळीत, निर्लज्ज जांभळा! मी टाळ्या वाजवल्या. शेजारचा झेरॉक्सवाला काय झालं म्हणून धावत आला. मी म्हटलं, माझे डोळे शाबूत आहेत, हे झालं. आणि मामा, उलट हिशेब असा आहे की लग्नात तुमच्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यातून सगळं पिवळट दिसतं, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. म्हणजे मला रंग दिसत नाहीत, हा निकाल भरल्या घरात मोतीबिंदूने दिला! त्याविरुद्ध हे अपील समजा. तुमचा जुना मॉनिटर मी खाडीत फेकणार आहे, आणि सोमवारी दुकान नेहमीप्रमाणे उघडं राहील. कंपनीतल्या त्या गृहस्थांना सांगा, मुलगी हट्टी निघाली. खोटं बोलावं लागणार नाही.

घरातल्या लहानांना आशीर्वाद, नामदेवकाकांना नमस्कार (ते तुमच्याशी बोलत नसले तरी पोचवा). गुडघ्याला जपा.

आपली,
रंग दिसणारी भाची
भावना

ता. क. पत्र मंदामावशीच्या पाटीतून येत आहे. ओलं असेल तर ते अश्रू नव्हेत.

ता. क. २. जुना मॉनिटर फेकलेला नाही. नव्याच्या शेजारी ठेवला आहे. तुम्ही हार घातला होता, माझ्याने फेकवत नाही. आता खरं काम लिहिते. मामीच्या त्या मोठ्या फोटोला तुम्ही ‘छान आहे’ म्हणालात आणि चौरंगावर जुना छोटाच ठेवलात. मोठा तुमच्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून आहे, हे मी भांडी आणायला आले तेव्हा पाहिलं. मला फार लागलं, मामा. मावशीला त्या पापडवाल्या सद्‌गृहस्थांचं लागलं, त्याहून जास्त लागलं. परवा मी तो नव्या मॉनिटरवर उघडला. मामीचा चेहरा लाल करून ठेवला होता मी, आणि साडी भलतीच. सगळा लाल काढला. चेहरा आला, अगदी मामीच आली, कोणाला तरी ओरडायच्या बेतात असलेली. पण साडीचा रंग येत नाही. मूळ फोटोतच उडाला आहे. आई म्हणते पोपटी होती, मंदामावशी म्हणते अबोली, आणि दोघी त्यावरून भांडल्या आहेत. साडी तुम्ही घेतली होती. रविवारी या. तुमचे डोळे नवे, माझा मॉनिटर नवा. शेजारी बसा आणि मी रंग फिरवत जाईन तेव्हा ‘थांब’ म्हणा.

ता. क. ३. आणि रंग तुम्हालाही आठवत नसेल, आणि म्हणूनच फोटो भिंतीकडे फिरवला असेल, तर तसं सांगा. मी कोणाला बोलणार नाही. मग आपण दोघं मिळून मामीला आवडला असता असा एक ठरवू आणि मंदामावशीला सांगू, हाच होता.